पंप कोणाचा, विहीर कोणाची?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पाण्याची एक उंच टाकी असतेच. खांबांच्या वर्तुळावर उभी, खालच्या अंगाला निमुळती होत आलेली, आणि बुडाच्या मधोमध घुमटासारखी आत उचललेली. इंजिनिअरिंग शिकलेल्या आपल्या मुलांना विचारा, ती तिला ‘इंट्झे टाकी’ म्हणतील, आणि परीक्षेत तिचे गणित सोडवताना कसा घाम फुटला होता तेही सांगतील. इंट्झे हे एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असते. ओटो इंट्झे यांचा जन्म 1843 चा. आखन येथे 1870 साली नवी तंत्रशाळा निघाली तेव्हा ते तेथे प्राध्यापक झाले आणि 1904 साली याच गावी वारले. टाकीच्या घुमटाचा दाब बाहेर जातो आणि भोवतालच्या उतरत्या भिंतीचा दाब आत येतो. दोन्ही एका कड्यावर गाठ पडून एकमेकांना खोडतात, म्हणून कमी सामानात मोठी टाकी उभी राहते. इतकी साधी युक्ती. पण ती 1880 च्या दशकात येथून निघाली आणि आपल्या कोकणापर्यंत पोचली. जवळच्या ऊर्फ्ट नदीवर 1905 साली पुरे झालेले धरण याच इंट्झेंच्या आराखड्याचे, आणि त्या वेळी युरोपात त्याहून मोठा जलाशय नव्हता.

वाचक बंधुभगिनींनो, सध्या माझा मुक्काम आखन येथे आहे. मी इंजिनिअर नव्हे, भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलेला शिक्षक आहे. टाकीची ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, पाण्याचे ज्ञान एका देशातून दुसऱ्या देशात गेले तर ते पुण्याचेच काम, असे आपण सहसा धरून चालतो. इस्राएलमध्ये राहणाऱ्यांना तर याचा विशेष अभिमान असतो. ठिबक सिंचन जळगावच्या केळीपर्यंत गेले, हे आपण पाहुण्यांना आवर्जून सांगतो. पण आखनच्या परिसरात पाण्याचे आणखी एक ज्ञान पिकले आहे. ते पाणी साठवण्याचे नव्हे, उपसण्याचे आहे. आणि ते कोणाला, कसे द्यावे हा प्रश्न टाकीइतका सोपा नाही.

खाण म्हणजे खणणे, इतकेच आपल्याला माहीत असते. प्रत्यक्षात खाण म्हणजे आधी पाणी काढणे. जमिनीखाली वाळू, मुरूम, जांभा यांच्या पोटात पाणी भरलेले असते. त्या पातळीच्या खाली खड्डा न्यायचा तर भोवतालचे पाणी रात्रंदिवस उपसत राहावे लागते, नाहीतर खड्डा भरतो आणि त्याचे उतार घसरतात. आखनच्या पूर्वेला आणि ईशान्येला तपकिरी कोळशाच्या तीन उघड्या खाणी आहेत: इंडेन, हामबाख आणि गार्त्सवायलर. हामबाखचे काम 1978 साली सुरू झाले आणि खड्डा सुमारे 400 मीटर खोल गेला. या खाणी कोरड्या ठेवण्यासाठी त्यांच्या भोवती शेकडो खोल विहिरी मारल्या गेल्या, आणि साऱ्या टापूतून वर्षाला 50 कोटी घनमीटरच्या आसपास पाणी उपसले जात आले. एका घनमीटरात हजार लिटर, हा हिशोब मनात धरावा. असा उपसा केला की पाण्याची पातळी फक्त खड्ड्यात उतरत नाही. ती भोवती कित्येक किलोमीटर बशीसारखी खचते. त्या बशीत ज्याची विहीर, ज्याचा झरा, ज्याची दलदल सापडते, त्याला खाण कधी डोळ्यांनी दिसलेलीही नसते.

हे सगळे सांभाळता सांभाळता येथे मोठे शास्त्र तयार झाले. कुठे विहीर मारावी, किती उपसावे, उपसलेले पाणी शुद्ध करून पुन्हा कुठे जिरवावे, खाण बंद झाल्यावर काय करावे. आखनच्या तंत्रविद्यापीठात खाणकाम आणि जलशास्त्र शिकून माणसे जगभर जातात. भारताशीही या गावाचे जुने नाते आहे. मद्रासची आयआयटी 1959 साली जर्मन मदतीने उभी राहिली. तेथेच 2010 साली इंडो-जर्मन सेंटर फॉर सस्टेनेबिलिटी सुरू झाले, त्यात आखनच्या विद्यापीठाचा हात होता आणि पाणी हा त्या केंद्राचा एक विषय आहे. आता विजेच्या मोटारी, बॅटऱ्या, पवनचक्क्या यांसाठी तांबे, लिथियम, लोखंड जगाला अधिकच हवे आहे. चिलीच्या आटाकामा वाळवंटात तर लिथियम मिळवण्यासाठी जमिनीखालचे खारे पाणीच वर काढून उन्हात आटवतात. तेव्हा ज्यांना खाणीतल्या पाण्याचे कळते त्यांनी ते ज्ञान इतरांना द्यावे, म्हणजे खाणी कमी नासधूस करतील, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणणे वाजवी दिसते.

पण आपल्या ओळखीच्या मुलखात जाऊन पाहू.

गोव्यात डिचोली तालुक्यात शिरगाव नावाचा गाव आहे. लईराई देवीच्या जत्रेमुळे तो कोकणात सर्वांना ठाऊक आहे. तेथे लोहखनिजाच्या खाणी निघाल्या. गोव्याच्या लोहखनिजाची गंमत अशी की, ज्या भुसभुशीत थरात लोखंड असते त्याच थरात पाणीही असते. म्हणजे लोखंड नेणे आणि गावाचा हंडा नेणे या दोन वेगळ्या गोष्टी उरतच नाहीत. वर्षाला 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या गावात विहिरी आटल्या, झरे गेले, उपसलेल्या पाण्याबरोबर आलेला गाळ शेतांत बसला, आणि लोकांना टँकरच्या पाण्याची वाट पाहावी लागली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले. गोव्याची निर्यात 2010-11 साली 5 कोटी टनांच्या वर पोचली होती. पुढे 2012 साली शहा आयोगाचा अहवाल आला आणि खाणी थांबल्या. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली. 2018 साली 88 परवाने रद्द झाले. त्यानंतर सरकारने नव्याने लिलाव सुरू केले आहेत.

शिरगावात पाण्याचे शास्त्र नव्हते म्हणून हे घडले काय? मला तसे वाटत नाही. पंप होते. पंप चालवणारे जाणकार होते. पातळी किती उतरली हे मोजणारेही कोणीतरी होतेच, कारण त्यावाचून खड्डा खोल नेता येत नाही. ते ज्ञान खड्ड्याच्या बाजूला होते, विहिरीच्या बाजूला नव्हते. ज्या बाईच्या रहाटाचा दोर दर उन्हाळ्यात दोन हात वाढवावा लागत होता तिलाही पातळी कळत होती. पण तिच्या दोराला कोणी पुरावा म्हणत नव्हते.

शेजाऱ्याच्या पाण्याजवळ खणणे हा प्रश्न आपल्या शास्त्राला नवा नाही. इसहाकाच्या चाकरांनी खणलेल्या विहिरींवरून भांडणे झाली आणि त्यांना एसेक, सितना अशी भांडणाचीच नावे पडली. तिसऱ्या विहिरीला भांडण नव्हते म्हणून तिचे नाव रहोबोथ, आणि त्यावरूनच आजच्या रहोवोत शहराचे नाव. ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. त्याहून कमी परिचयाची चर्चा मिश्नाच्या बाबा बात्रा या भागात आहे. शेजाऱ्याच्या हौदालगत हौद खणू नये. तीन मुठी अंतर सोडावे आणि भिंत चुन्याने लिंपावी, असा तेथे नियम आहे. पण पुढे शेजाऱ्याच्या हौदाजवळ लावलेल्या झाडाचा वाद येतो आणि रब्बी योसे वेगळेच बोलतात. एकजण आपल्या जागेत खणतो, दुसरा आपल्या जागेत झाड लावतो. मुळे पुढे कुठे गेली त्याचा जाब लावणाऱ्याला का विचारावा, असा त्यांचा रोख. खाणवाल्याची सगळी बाजू यात आली. मी माझ्या परवान्याच्या हद्दीत खणतो. तुझी विहीर तुझ्या हद्दीत आहे. जमिनीखाली काय होते ते कोणी पाहिले?

यावर गमारामध्ये जो खुलासा आहे तो मला फार मोलाचा वाटतो. नुकसान जर माणसाच्या हातून सुटलेल्या बाणासारखे थेट होत असेल, तर रब्बी योसेंनाही ती सवलत मान्य नाही. बाण आपल्याच अंगणातून सुटला, एवढ्याने सोडणारा मोकळा होत नाही. म्हणजे सारा वाद येऊन ठरतो तो यावर: पंप हा झाडाचे मूळ आहे की बाण?

माझे उत्तर असे की, ते ज्ञानावर अवलंबून आहे. जोवर कोणालाच माहीत नव्हते की येथला उपसा पाच किलोमीटरवरची विहीर आटवतो, तोवर पंपाला मूळ म्हणता आले असते. ज्या दिवशी जाणकाराने नकाशा काढून ती बशी कागदावर आखली, त्या दिवशी पंप बाण झाला. नेम कुठे लागणार हे आता माहीत आहे. म्हणून पाण्याचे शास्त्र खाणीला देणे म्हणजे केवळ मदत करणे नव्हे, त्या खाणीची जबाबदारी वाढवणे होय, आणि देणाऱ्याचीही. त्याने तो नकाशा फक्त पैसे मोजणाऱ्याच्या हाती दिला आणि विहीरवाल्याला दाखवला नाही, तर तो तिऱ्हाईत राहत नाही. शाळेत आम्हांला एक नियम होता, परीक्षकाने परीक्षेला बसलेल्या एकाच मुलाची खाजगी शिकवणी घेऊ नये. शिकवणी वाईट नाही, परीक्षाही वाईट नाही. पण दोन्ही एकाच माणसाच्या खिशात गेल्या की दुसऱ्या मुलाने न्याय कोठे मागायचा?

यावर कोणी म्हणेल, सल्लागाराला पैसे खाण देते, गाव देत नाही. तो गुप्ततेच्या करारावर सही करतो. खरे आहे. मग करारच तसा असता कामा नये. वैद्याला रोगी पैसे देतो म्हणून साथीच्या रोगाची वर्दी नगरपालिकेला द्यायची नाही असे कोणी म्हणत नाही.

या बाबतीत आखनकडून घेण्यासारखे काही असेल तर ते पंपापेक्षा वहीखात्यात आहे. उपशाने विहिरी आटू लागल्या तेव्हा 1958 साली खास कायदा करून एर्फ्ट नदीच्या खोऱ्यासाठी एक जलसंघ स्थापन झाला. त्यात खाण आहे, वीजकंपनी आहे, गावे आहेत, पाणीपुरवठा करणारे आहेत, कारखाने आहेत, शेतकरीही आहेत. भूजलाची पातळी मोजणाऱ्या हजारो मापनविहिरी त्या टापूत आहेत आणि मोजमाप एकट्या खाणीच्या कपाटात राहत नाही. आखनच्या बाजूच्या रूर नदीसाठी (ही एसेनकडची रूहर नव्हे, नावे ऐकून आपली फसगत होते) असाच संघ ड्युरेन येथे आहे. गार्त्सवायलरच्या विस्ताराला मान्यता देताना डच सरहद्दीजवळच्या दलदली जगवण्याची अट घातली गेली. म्हणून उपसलेले पाणी शुद्ध करून तेथे पुन्हा जमिनीत जिरवतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, 1980 च्या खाणकायद्याने भूमिगत खाणीच्या टापूत घराला तडा गेला तर तो खाणीमुळेच गेला असे आधी धरायचे ठरवले. तसे नाही हे खाणवाल्याने सिद्ध करावे. उघड्या खाणींच्या शेजाऱ्यांना मात्र हा हक्क त्या कायद्याने दिला नाही. ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले, एवढेच. पण शिरगावच्या माणसाला विचारा, त्या एवढ्याची किंमत काय.

जर्मनांनी सारे नीट केले, असा माझ्या लिहिण्याचा अर्थ कोणी घेऊ नये. खाणींसाठी गावेच्या गावे उठली. ल्युत्सेराथ हे शेवटचे गाजलेले नाव, ते जानेवारी 2023 मध्ये पोलिसांनी रिकामे केले. इंडेनच्या खाणीसाठी इंडे नदी 2005 साली तिच्या जुन्या पात्रातून उचलून नव्या खोदलेल्या पात्रात घातली. जुलै 2021 च्या महापुरात ती जुनी वाट शोधत खाणीत कोसळली आणि एक कामगार प्राणास मुकला. त्याच महिन्याच्या 29 तारखेस आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे येथे खाणीत साठलेले पाणी बांध फोडून चिखलासह वाडीत आणि बागायतीत शिरले. एकीकडे शंभर वर्षांचे शास्त्र, दुसरीकडे मातीचा बांध. पाण्याने दोघांचाही मुलाहिजा ठेवला नाही.

जमिनीत खोल उतरलेल्या दगडी कोळशाच्या खाणींची कथा तर अधिक बोलकी आहे. आखनच्या वुर्म खोऱ्यात बाराव्या शतकापासून कोळसा निघत होता. या भागातली एमिल मायरिश खाण 1992 साली बंद झाली, हुकेलहोफेनची सोफिया-याकोबा 1997 साली. पंप थांबले, पाणी पुन्हा वर चढू लागले. वाटले, आता सर्व पूर्ववत होईल. पण जमीन पाण्याबरोबर फुगून वर आली, तीही सगळीकडे सारखी नाही. वासेनबेर्ग गावात घरांना तडे गेले. म्हणजे उपसताना नुकसान, आणि उपसा थांबवतानाही नुकसान. रूहर भागात तर काही ठिकाणी जमीन वीस मीटरहून अधिक खचली आहे; तेथे पंप थांबवले तर वस्त्या पाण्याखाली जातील, यास्तव ते कायम चालवावे लागणार. जर्मनांनी या खर्चाला ‘अनंतकाळाचा बोजा’ असे नाव दिले आहे आणि तो उचलण्यासाठी 2007 साली एसेन येथे एक विश्वस्त संस्था काढली. शेवटची दगडी कोळशाची खाण 2018 च्या डिसेंबरात मिटली. कोळसा संपला, पंप चालूच आहेत.

हे ज्ञान खरे देण्यासारखे आहे. पण ते विकत घ्यायला कोण येईल? खाणवाल्याला पहिल्या तीस वर्षांचा सल्ला हवा असतो. एकतिसाव्या वर्षाचा सल्ला गावाला हवा असतो, आणि गावाजवळ पैसे नसतात. गोव्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली एक चांगली गोष्ट केली: खनिजाच्या विक्रीतून दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकण्याचा आदेश दिला. एसेनच्या संस्थेशी त्याचे नाते उघड आहे. निधी केवढा आहे यापेक्षा शिरगावची पाणीपातळी पूर्वी कुठे होती हे कोणी लिहून ठेवले आहे काय, याची मला जास्त काळजी वाटते. मूळ आकडाच नसेल तर नुकसान कशावरून मोजणार?

खाणीच नकोत, हा मार्ग मला प्रामाणिक वाटत नाही. माझ्या खिशातल्या फोनमध्ये कोणाच्या तरी डोंगराचे तांबे आहे. डिचोली, सांगे भागात ट्रक आणि बार्जवर घर चालवणारी हजारो कुटुंबे होती; खाणी थांबल्यावर त्यांच्या चुली थंडावल्या, तेही दुःख खोटे नव्हते. शिवाय खाणीचे पाणी शत्रूच असते असे नाही. नागपूरजवळ पाटणसावंगीला वेस्टर्न कोलफिल्ड्सने खाणीतले पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटल्यांत भरले. बाटली चांगली, पण शेजारच्या विहिरीचा आकडा त्याच बाटलीवर छापला तर मला अधिक बरे वाटेल.

आणखी एक. शिकवणारे युरोपात आणि शिकणारे कोकणात, अशी वाटणी आपण निमूटपणे मान्य करतो. पेण, अलिबागकडच्या ज्या गावांत आपले वाडवडील तेलाचे घाणे चालवीत होते, तेथे खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध कोणी सांभाळले? गावाने. बांधाला खांड पडली की ज्याच्या शेताला झळ लागणार तो प्रत्येकजण फावडे घेऊन जाई; उघाडी केव्हा उचलायची, केव्हा पाडायची हे भरती-ओहोटी पाहून ठरे. गोव्यात खाजणांची हीच रीत, तेथे उघाडीला मानस म्हणतात. ज्याला पाणी लागते तो बांधावर हजर, हा त्या व्यवस्थेचा पाया. एर्फ्टचा 1958 चा कायदा मी वाचतो तेव्हा मला त्यात पेणच्या बांधावरचीच माणसे दिसतात, फक्त कोट घातलेली.

आता आपल्या दाराशी. इस्राएलमध्ये राहणाऱ्या वाचकांनी मृत समुद्र पाहिला असेलच. दिमोना, बैर शेबाच्या पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी त्या परिसरातल्या कारखान्यांत नोकरीला गेलेले आहे. तो समुद्र दरवर्षी एक मीटरहून अधिक खाली जात आहे. मुख्य कारण यार्देन नदीचे पाणी वरच्या वर अडवले गेले, आणि ते काम एकट्या इस्राएलचे नाही. पण पोटॅश काढण्यासाठी दोन्ही काठांवर जे पाणी तळ्यांत चढवून आटवतात त्याचाही त्यात वाटा आहे. किनाऱ्यावर हजारो विवरे पडली आहेत. नेगेवमध्ये 2017 च्या जूनअखेरीस खतकारखान्याच्या तळ्याची भिंत फुटून आम्लयुक्त पाणी अशलिम ओढ्यातून वाहिले आणि रानबकऱ्या मेल्या. ज्या देशाने थेंब मोजून शेती केली त्याच देशात हे घडते. तेव्हा ज्ञान आहे की नाही हा प्रश्नच नव्हे.

मृत समुद्रातून खनिजे काढण्याचा परवाना 2030 साली संपतो. आखनच्या परिसरातला कोळसाही 2030 सालीच थांबवायचे ठरले आहे, आणि हामबाखच्या खड्ड्यात त्यानंतर ऱ्हाईनचे पाणी सोडणार आहेत. तो भरायला सुमारे चाळीस वर्षे लागतील, तीही ऱ्हाईनला पुरेसे पाणी असेल तर. येथली मंडळी आतापासून भांडत आहेत की ते पाणी किती, कोणत्या महिन्यात, कोणाला विचारून घ्यायचे. आपल्याकडे नव्या परवान्याच्या वेळी काय विचारले जाईल? किती रॉयल्टी, किती नोकऱ्या, हे विचारले जाईलच. उपशाचा मीटर कोण वाचणार, आणि तो आकडा दर महिन्याला हिब्रूत आणि अरबीत दोन्ही काठांवर लागणार की नाही, हेही कोणीतरी विचारावे. आपली मुले त्या कचेऱ्यांतून आहेत.